माळ्यावरची फोडणी

लोकांच्या डोक्यावर मिरे वाटायचे मला पैसे मिळतात. खोटं वाटत असेल तर त्सुकुबात येऊन कुणालाही विचारा. म्हणजे जपानी माणसाला विचारा. आमच्या मराठी मंडळात विचारलंत तर "वैशाली जगताप ना? ती कन्स्ट्रक्शनमध्ये काहीतरी करते" असं पुटपुटून विषय बदलतील. नवरा संशोधक आणि बायको माळ्यावर, हे काही त्यांच्या पचनी पडत नाही. माझी स्वतःची मुलगी शाळेत असताना मैत्रिणींना सांगायची, की आई घरांचं डिझाइन बघते. ते खोटंही नाही. मी डिझाइनच बघते, फक्त पोटावर सरपटत, तोंडाला मास्क बांधून आणि कपाळाला दिवा लावून बघते.

पुण्यात मी सिव्हिलचा डिप्लोमा केला होता. लग्नानंतर तो डिप्लोमा कपाटात गेला आणि मी जपानमध्ये. मुलगी शाळेत जायला लागल्यावर घरात बसून वेड लागायची पाळी आली, तेव्हा ओकुदा-सानच्या छोट्या कंपनीत बाइतो धरला. बाइतो म्हणजे इथलं पार्टटाइम काम. जुनी घरं दुरुस्त करणारी चार-पाच माणसांची कंपनी, तिथे फोन घ्यायचा आणि नकाशे नीट लावून ठेवायचे. एक दिवस आमच्या सडपातळ सुताराची पाठ धरली. माळ्यावर जायचं भोक लहान, आणि ओकुदा-सान स्वतः पिंपासारखे. त्यांनी भोकाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा भोकाकडे.

"जागुताप-सान," अगदी माफी मागितल्यासारखं ते म्हणाले, "तुम्हाला अंधाराची भीती वाटते का?"

"नाही. झुरळांची वाटते."

"वर झुरळं नसतात," ते म्हणाले. धादांत खोटं. पण तोवर मी शिडीवर होते.

तेव्हापासून मी वरच आहे. माझी उंची जेमतेम, लग्नाच्या बाजारात ती माझी उणी बाजू होती. सासूबाई तर लग्नानंतरही "फोटोत उंच वाटली होतीस" असं म्हणत. त्या उंचीला भाव मिळाला तो जपानी माळ्यांवर.

आता हे काम नेमकं काय ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी जाळीजळमटं काढते. जपानी जुनी घरं लाकडाची आणि अंगाने पातळ. जानेवारीत घरातल्या घरात तोंडातून वाफ निघते. गरम हवा वर जाते, लाकडी तक्तपोशीतून माळ्यावर जाते आणि तिथून आभाळात. म्हणून तक्तपोशीच्या वर आम्ही ग्लासवूलच्या गाद्या अंथरतो. काचेचा कापूस म्हणा ना. अंगाला लागला तर खाजकुयली बरी वाटेल. एवढं तर कुणालाही जमेल. खरी गोम पुढे आहे. घरात माणसं श्वास घेतात, भात शिजवतात, आंघोळी करतात, ओले कपडे वाळत घालतात. ती सगळी वाफ कुठून तरी वर येतेच. माळा आता पूर्वीपेक्षा थंड, कारण खालची ऊब आपण अडवली. मग ती वाफ छपराच्या थंड फळ्यांना लागते आणि फळ्यांना घाम फुटतो. घाम आला की बुरशी, बुरशी आली की लाकूड कुजलं. म्हणून वळचणीखाली जी भोकं असतात, त्यांतून वारा आत यायला हवा आणि वरच्या झरोक्यातून बाहेर पडायला हवा. गादी त्या भोकांवर सरकू द्यायची नाही. घराला स्वेटर घालायचा, पण नाक उघडं ठेवायचं. हे वाक्य मी गिऱ्हाइकांना इतक्यांदा ऐकवलंय की ओकुदा-सान माझ्यासोबत ओठ हलवतात.

आणि माणसाची जातच अशी, की भोक दिसलं की ते बुजवायचं. एक निवृत्त गृहस्थ होते, त्यांच्या माळ्यावर उदमांजर शिरायचं. त्यांनी एकूण एक भोक सिमेंटने बंद केलं. उदमांजर आतच राहिलं. रात्रभर डोक्यावर धुमाकूळ, आणि गृहस्थ मला विचारतात, "भोकं तर बंद केली, मग ते येतं कुठून?" अहो, ते जातंय कुठून हे विचारा! आणि कावासाकीहून एका मुंबईकर बँकवाल्याचा फोन आला होता, छत फार थंड लागतं, इन्सुलेशन करून द्या म्हणून. मी विचारलं, तुमच्या छतावर काय आहे? तर म्हणाला, "वरच्यांचा फ्लॅट." मी म्हटलं, मग त्यांना सांगा हीटर लावायला. त्याला राग आला. मराठी माणसाला फुकटचा सल्ला आवडत नाही.

तर मंदार. नाव बदललंय, बाकी सगळं खरं आहे.

मंदार पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला, रोज सकाळी वेगवान गाडीने टोकियोला जाणारा. बायको केतकीही तिकडेच नोकरीला. त्याने त्सुकुबात एक जुनं बैठं घर घेतलं आणि खूप खटपटी करून आईला पुण्याहून आणलं. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, पुण्याचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि मंदार एकुलता एक. शिवाय चार वर्षांची नात. काकू आल्या आणि घर हसायला लागलं, असं मंदार स्वतः मला म्हणाला होता. पण पहिल्याच थंडीत त्यांची बोटं आखडली, म्हणून पुढच्या शरदात त्याने आम्हाला बोलावलं.

मराठी गिऱ्हाईक म्हणजे काय असतं ते ओकुदा-सानना त्या दिवशी कळलं. जपानी गिऱ्हाईक दहा वाजता आणि तीन वाजता ट्रेमध्ये कॅनमधली कॉफी ठेवतं आणि अदृश्य होतं. मंदारने शिडीखाली उभं राहून प्रश्न विचारले. गादीची जाडी किती, तीच का, दुसरी का नको, कागदाची बाजू खाली का, यूट्यूबवर एक कॅनडातला माणूस उलटं सांगतो ते का. आणि दहा वाजता काकूंनी कांदेपोहे आणले. ओकुदा-सानच्या टकलावर घाम फुटला, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी बशी पुढे केली. त्या दिवसापासून आमच्या ऑफिसात त्या घराला कुणी मंदारचं घर म्हणत नाही, पोह्यांचं घर म्हणतात.

काम झाल्यावर मी मंदारला माझं नेहमीचं वाक्य ऐकवलं. "वळचणीच्या भोकांना हात लावू नकोस. स्वेटर घातलाय, नाक उघडं ठेव."

"हो ताई," तो म्हणाला. एकही प्रश्न न विचारता. तिथेच मला शंका यायला हवी होती.

जानेवारीत मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेले, तर बायका माझ्याशी तिळगूळ देण्यापुरतंच बोलल्या. गोड बोला म्हणाल्या आणि तोंड फिरवलं. संध्याकाळी मंदारचा फोन आला आणि उलगडा झाला.

"ताई, तुम्हाला बोलायचं नव्हतं, पण घराची वाट लागली. तक्तपोशीवर काळे डाग आलेत. आईच्या खोलीत कुबट वास येतो. दीड महिना झाला, तिचा खोकला थांबत नाही. डॉक्टर म्हणतात, घरात ओल आहे. तुमचा तो कापूस घातल्यापासून हे सुरू झालं."

"आणि काकू कशा आहेत?"

तो मग म्हणाला, "ती पुढच्या शुक्रवारी पुण्याला चालली आहे. तिकीट काढायला लावलं मला. म्हणते, या घरात जीव गुदमरतो."

त्या बाईने पुन्हा तीन मजले चढायचे, आणि तेही एकटीने, आणि कशामुळे तर माझ्या कामामुळे? घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. इथे घर मंदारचं फिरलं होतं आणि वासे माझ्यावर. नवरा म्हणाला, "काम तू केलंस, ते बिघडणार नाही." त्याच्या तोंडून इतकं स्पष्ट कौतुक मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं, पण त्या दिवशी त्याचाही उपयोग झाला नाही.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, आम्ही गेलो. ओकुदा-सान दारातच कमरेत वाकले आणि माफी मागून मोकळे झाले. मला असा संताप आला! गाडीतून अवजारं काढताना मी त्यांना म्हटलं, "बघायच्या आधीच माफी? आपलं काम बरोबर होतं."

"माफी मागून छप्पर वाळत नाही," ते शांतपणे म्हणाले, "पण घरचे लोक आपल्याला वर जाऊ देतात."

इथे मात्र घरचे लोक वर जाऊ देईनात. माळ्यावर जायची वाट ओशिइरेमधून, म्हणजे गाद्या ठेवायच्या भिंतीतल्या कपाटातून. त्याच्या छताची एक फळी सुटी असते. मंदार त्या कपाटासमोर पहाऱ्याला उभा राहिल्यासारखा उभा.

"वर बघायची काय गरज आहे, ताई? तुम्ही फक्त तो कापूस काढून न्या."

"काढायला वर जावंच लागेल ना रे?"

"नाही म्हणजे... आज नको. वर धूळ आहे."

धूळ! अठरा वर्षं माळ्यांवर काढलेल्या बाईला हा धुळीची भीती घालतोय. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. दोन्ही कान लाल. माझी मुलगी लहानपणी बिस्किटांचा डबा पाठीमागे लपवून उभी राहायची तेव्हा तिचे असेच व्हायचे.

काकू स्वयंपाकघरातून आल्या. अंगात दोन स्वेटर, गळ्याला मफलर, चेहरा उतरलेला. खोकला आवरत म्हणाल्या, "अगं वैशाली, आलीस? जाण्याआधी भेट झाली, बरं झालं."

जाण्याआधी म्हणाल्या ते मला टोचलं. आणि मग मला खोडी सुचली.

"काकू," मी म्हटलं, "ओकुदा-सान पोह्यांसाठी आलेत. जाण्याआधी एकदा होऊन जाऊ द्या."

ओकुदा-सानना पोहे एवढा एकच शब्द कळला. त्यांनी लगेच मान लववली. काकूंच्या चेहऱ्यावर जीव आला. मंदार म्हणाला, "आई, आता नको, धुराचा पंखा लावावा लागेल." पण काकू आत वळल्या होत्या, आणि पंखा लावायला मंदारची एवढी का हरकत, हा विचार करत मी त्याच्या काखेखालून कपाटात शिरले. उंची कामाला येते ती अशी.

फळी सरकवली, डोकं वर काढलं आणि दिवा फिरवला. मी पुष्कळ माळे बघितलेत. असा एकही नव्हता. छपराच्या फळ्या काळ्या पडलेल्या, खिळ्यांच्या टोकांवर पाण्याचे थेंब, आणि मी अंथरलेल्या गाद्या ओलसर, पिवळट, तेलकट. वारा नावालाही नाही. मी तुळईवरून सरपटत वळचणीपाशी गेले. भोकं बुजवलेली होती. प्लॅस्टिकच्या झिपवाल्या पिशव्यांत टी-शर्ट भरून, एकेका भोकाला एक पिशवी अशी ठोकून बसवलेली. दिवा मारला तर टी-शर्टवर कंपन्यांची नावं, कॉन्फरन्सची नावं. मंदारचं अख्खं करिअर तिथे वळचणीला पडलं होतं.

तेवढ्यात खालून पंख्याची घरघर सुरू झाली आणि माझ्या नाकासमोर काहीतरी फुसफुसलं. दिवा वळवला. स्वयंपाकघराच्या पंख्याची ती चकचकीत नळी भिंतीतून बाहेर जायला हवी, तर ती भिंतीपासून सोडवून माझ्या ग्लासवूलवर टाकलेली. भिंतीतल्या भोकावर चांदीची टेप नीट चार पदरी लावलेली. नळीच्या तोंडातून गरम हवा येत होती, आणि त्या हवेत मोहरी होती.

"काकू," मी ओरडले, "मोहरी तडतडली का?"

खालून उत्तर आलं, "हो गं. आवाज वरपर्यंत येतो वाटतं?"

"आता हिंग घातलात."

"घातला." आवाज जरा दबकला. "वैशाली, तुला वरून दिसतं का?"

"मिरच्या तेवढ्या नका..." मी म्हणेपर्यंत मिरच्या पडल्या होत्या. मास्कमधून ठसका बसला. मी तुळईवर पालथी पडून इतकी खोकले, इतकी खोकले, की तक्तपोशी हलायला लागली. डोळ्यांतून धारा. खाली ओकुदा-सान "जागुताप-सान! जागुताप-सान!" करत कपाटात शिरायचा प्रयत्न करत होते आणि अर्ध्यावर अडकले होते.

मी खाली आले तेव्हा माझ्या अंगाला फोडणीचा वास येत होता आणि मंदार भिंतीला टेकून उभा होता.

"बोल," मी म्हटलं.

"ताई, ते तात्पुरतं होतं."

"टेप चार पदरी लावलीस. तात्पुरतं कसलं? तेलाची वाफ, सुकं लाकूड आणि खाली गॅसची शेगडी! पेटलं असतं म्हणजे?"

ओकुदा-सानना मी दोन वाक्यांत सांगितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी आधी जाऊन गॅस बंद केला. काकू हातात झारा घेऊन त्यांच्या मागे बाहेर आल्या, आपल्या पोह्यांचं काय झालं ते बघायला.

मग मंदारने सांगितलं. शेजारी किमुरा-सान राहतात, एकट्या, काकूंच्याच वयाच्या. काकू फोडणी घालायच्या आणि त्या खिडक्या लावून घ्यायच्या, वाळत घातलेले कपडे काढायच्या. एकदा कचरा टाकायला बाहेर गेलेल्या मंदारला त्या भेटल्या आणि हसून म्हणाल्या, "तुमच्याकडे रोज खूप स्वयंपाक होतो, नाही का."

"एवढंच?" काकूंनी विचारलं.

"आई, इथे एवढं म्हणजे खूप झालं. दहा वर्षं राहतोय मी इथे. इथे तोंडावर तक्रार करत नाहीत. आपल्यामुळे दुसऱ्याला त्रास होणं याच्यासारखं वाईट काही नाही."

"मग मला सांगायचंस."

मंदार खाली बघत होता. "काय सांगू? तुझ्या स्वयंपाकाचा लोकांना वास येतो? तू आल्यापासून तेवढं एकच तुझ्या मनासारखं चाललंय. तुला वाटलं असतं मला लाज वाटते. मग म्हटलं, वास बाहेर गेलाच नाही तर कुणालाच काही सांगायला नको."

नळी आत वळवली तरी वळचणीच्या भोकांतून वास बाहेर जायचा, म्हणून मग भोकं बुजवली. इंजिनिअर तो, अर्धवट काम कसं करेल? शेजारणीला सांभाळायचं, आईलाही सांभाळायचं, दोघींपैकी एकीशीही बोलायचं नाही, आणि सगळा धूर घराच्या टाळक्यात भरायचा. मला त्याचा राग आला होता आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटत होतं. असा मूर्खपणा पुण्याच्या मुलाकडून दहा वर्षं जपानमध्ये राहिल्यावरच होतो. नुसत्या पुणेकराने शेजारणीशी भांडण केलं असतं.

काकू मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्याच फोडणीचा धूर माझ्याच उशाशी? आणि मी खोकत बसले, वाटलं इथली हवा मला लागत नाही. अरे, मी जायला निघाले होते रे! मला सांगितलं असतंस तर काय मी मेले असते?"

मंदार रडायला लागला. चाळिशीला आलेला माणूस, आमच्या ओकुदा-सानसमोर. ते लगबगीने भिंतीवरच्या कॅलेंडरचा अभ्यास करू लागले.

"पुरे," काकू म्हणाल्या. त्यांनी झारा माझ्या हातात दिला, मफलर डोक्याला गुंडाळला. "वैशाली, तुला त्यांची भाषा येते ना? चल."

"आई, असं थेट विचारत नाहीत इथे!" मंदार मागून म्हणाला.

"मी विचारते."

किमुरा-साननी दार उघडलं. समोर काकू, मागे काजळी फासलेली मी, हातात झारा, माझ्यामागे ओकुदा-सान. त्या बिचाऱ्या घाबरल्याच असतील. काकूंनी नमस्कार केला आणि मराठीत म्हणाल्या, "माझ्या स्वयंपाकाच्या वासाचा तुम्हाला त्रास होतो का? खरं सांगा." मी ते जपानीत जसंच्या तसं सांगितलं. गोल गोल करून सांगायची पद्धत मला ठाऊक आहे, पण त्या दिवशी मला ती वापरायची नव्हती.

किमुरा-सान दोन्ही हात हलवत म्हणाल्या, "छे छे, मुळीच नाही."

"काय म्हणाल्या?"

"नाही म्हणाल्या."

काकूंनी त्यांच्याकडे निरखून बघितलं. "होतो म्हणजे."

"हो," मी म्हटलं.

आम्ही तिघी तशाच उभ्या. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. मग ओकुदा-सान पुढे झाले आणि कामाच्या आवाजात म्हणाले, की आम्ही आज शेजारचा पंखा दुरुस्त करून पुन्हा बाहेर काढणार आहोत, तेव्हा विचारायला आलो, आपण कपडे कुठे वाळत घालता?

एवढ्याने गाठ सुटली. किमुरा-साननी आम्हाला मागे नेलं. दांडी कुंपणाला लागून, बरोब्बर पंख्याच्या भोकासमोर. वास वाईट नाही हो, त्या म्हणाल्या, पण दांडीवर उन्हात टाकलेल्या गादीला लागतो, मग रात्री झोपेत भूक लागते. ओकुदा-साननी भिंत बघितली, मान हलवली. भोक दुसऱ्या भिंतीत न्यायला हवं, पण ती भिंत फोडायची तर वसंतात, थंडी गेल्यावर. तोवर हेच.

मी काकूंना सगळं सांगत होते. तेवढ्यात किमुरा-सान अचानक मला म्हणाल्या, "मध्यंतरी वास येईनासा झाला, तेव्हा मला वाटलं आजी गेल्या. परत गेल्या असतील, किंवा... विचारायचा धीर झाला नाही. दोनदा कुंपणापाशी येऊन बघितलं." आणि त्यांनी काकूंना वाकून नमस्कार केला. हे मी काकूंना मराठीत सांगितलं. काकूंनी त्यांचा हात हातात घेतला. जपानमध्ये असा कुणी कुणाचा हात धरत नाही. पण किमुरा-साननी तो सोडवून घेतला नाही.

घरी परतताना मी विचारलं, "काकू, मग शुक्रवारचं काय?"

"बघू," त्या म्हणाल्या. "आधी खोकला थांबू दे. आणि वसंतापर्यंत त्यांच्या गादीचं काय करायचं ते बघते." एवढंच बोलल्या. तिकीट रद्द करू म्हणाल्या नाहीत, आणि मंदारला विचारायची हिंमत नव्हती.

आम्ही दोन दिवस खपून नळी भिंतीतून बाहेर काढली, वळचणीची भोकं मोकळी केली, ओल्या गाद्या काढल्या, फळ्यांवरची बुरशी खरवडून पुसली आणि वारा खेळू दिला. टी-शर्ट मी धुऊन, घडी घालून मंदारला परत केले. तो म्हणाला, "ताई, मंडळात कुणाला सांगू नका." मी वचन दिलं, मंडळात एका शब्दाने सांगणार नाही. ते पाळलंय. दिवाळी अंकाबद्दल त्याने काही म्हटलं नव्हतं.

शुक्रवार उजाडला. विमान संध्याकाळचं होतं. मला त्या भागात काहीच काम नव्हतं, तरी फळ्या किती वाळल्यात ते बघून येते, असं ओकुदा-सानना सांगून गाडी काढली. "जा," ते म्हणाले, "आणि मलाही येऊन सांगा." फळ्यांबद्दल ते विचारत नव्हते, हे दोघांनाही ठाऊक होतं.

गाडी कोपऱ्यावर लावली आणि तशीच बसून राहिले. उतरायचा धीर होईना. दारात बांधलेली बॅग दिसली असती तर मी काय बोलणार होते? काम माझं चोख होतं, हे सिद्ध झालं होतं, पण काकू गेल्या असत्या तर त्या चोख कामाचं मी काय लोणचं घालणार होते? घराची पुढची खिडकी बंद. किमुरा-सानच्या दांडीवर गादी उन्हाला पडलेली. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

अकराच्या सुमारास स्वयंपाकघराची खिडकी सरकली आणि पुण्यात तिसऱ्या मजल्यावरून भाजीवाल्याला थांबवायचा काकूंचा तो खणखणीत आवाज अख्ख्या गल्लीत घुमला:

"किमुरा-साऽऽन! फोडणीऽऽ!"

"हाऽऽइ!" कुंपणापलीकडून तत्काळ उत्तर आलं. किमुरा-सान सपाता फटफटवत बाहेर धावत आल्या, दोन्ही हातांनी गादी कवटाळून आत पळाल्या, आणि खिडकी लावता लावता हात बाहेर काढून त्यांनी खूण केली, घाला आता.